पाडलेल्या स्लॅबची खडी: खान्देशातल्या मलब्यातून पीसीसी, ब्लॉक आणि शेतरस्ता

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास सव्वाचार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरीव काँक्रीट. वजन सुमारे २८ टन. फोडून ट्रॉलीत भरलं की ते फुगतं आणि साडेसहा-सात ब्रास होतं, म्हणजे एक ब्रासच्या ट्रॉलीच्या सात खेपा. जळगाव असो, धुळे असो की शहादा, या सात खेपा बहुधा नाल्याच्या काठी नाहीतर गावाबाहेरच्या खड्ड्यात रिकाम्या होतात. त्याच वेळी त्याच घरमालकाच्या नव्या पायासाठी क्रशरवरून काळ्या खडीच्या ट्रॉल्या येत असतात.

नीट फोडून चाळलं तर या मालातून साधारण साडेचार ब्रास खडी आणि अडीच ब्रासच्या वर बारीक माल निघतो. शिवाय ८०० ते १००० किलो लोखंड भंगारात जातं. पायाखालचं पीसीसी (म्हणजे साधं, बिनलोखंडी काँक्रीट), कंपाउंडचे ब्लॉक, अंगणातला कोबा आणि शेतरस्त्याचा थर एवढी कामं यात बसतात. नवा स्लॅब आणि कॉलम मात्र यात बसवू नका. त्याचं कारण पुढे आहे.

कोणता मलबा घ्यायचा

सगळा मलबा सारखा नसतो. गावातलं जुनं धाब्याचं घर पाडलं तर त्यात काँक्रीट नसतंच. पांढरी माती, भाजक्या विटा, सागाची सरं आणि कड्या निघतात. लाकूड विकलं जातं, माती भरावात जाते, आणि हे मार्गदर्शन तिथेच संपतं. इथला विषय आहे साधारण १९७५ नंतरच्या आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) घरांचा, रस्तारुंदीकरणात पाडलेल्या दुकानांचा, जुन्या पाण्याच्या टाक्यांचा आणि मोऱ्यांचा. यातही काही माल बाजूलाच ठेवायचा:

खताच्या गोदामाचा कोबा. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, पोटॅशच्या गोण्या वर्षानुवर्षं ज्या फरशीवर थापल्या गेल्या त्या काँक्रीटमध्ये क्लोराइड मुरलेलं असतं. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. अशा खडीजवळ सळई आली की ती गंजणार. तो माल फक्त रस्त्याच्या भरावाला.

तेलमिल आणि जिनिंगची तेलकट फरशी. तेल लागलेल्या खडीला सिमेंट धरत नाही. फोडलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. पाणी आत न शिरता मोत्यासारखं उभं राहिलं तर तो ढीग वेगळा करा.

आगीत सापडलेलं काँक्रीट. सरकीच्या किंवा कापसाच्या आगीनंतर स्लॅब उभा दिसतो, पण आतली पकड सुटलेली असते. टिकाव मारला की कडक आवाज न येता भुगा पडतो.

आणि सगळ्यात घातक पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. फॉल्स सीलिंग आणि जिप्समचं प्लास्टर यांतलं सल्फेट नव्या सिमेंटशी हळूहळू प्रक्रिया करतं, माल फुगतो आणि काही महिन्यांनी ब्लॉकला बारीक जाळीदार भेगा पडतात. तेव्हा दोष सिमेंटला दिला जातो. पांढरा तुकडा नखाने खरवडला आणि भुकटी निघाली तर तो जिप्सम समजा.

पाडण्याआधीच वेगळं करा

खडी चांगली होणार की नाही हे क्रशरवर ठरत नाही, पाडतानाच ठरतं. जेसीबीवाल्याला ‘घर साफ करून दे’ एवढंच सांगितलं तर तो विटा, टाइल्स, वायरी, प्लॅस्टिकचे पाइप आणि स्लॅब एकाच ढिगात कालवतो. नंतर चार मजूर आठ दिवस वेचत बसले तरी तो ढीग शुद्ध होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा.

आधी वीज आणि पाण्याचं कनेक्शन तोडून घ्या. मग दारं, खिडक्या, ग्रिल, वायरिंग, नळ, संडासाची भांडी काढा. सिमेंटचे पत्रे असतील तर ते अख्खे, स्क्रू सोडवून, ओले करून उतरवा. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि फोडले की त्याचे तंतू हवेत उडतात. हे पत्रे क्रशरकडे कधीच जाता कामा नयेत. त्यानंतर पीओपी उतरवा, भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्स काढा, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग खरवडा. गच्चीवर डांबरी कापड चिकटवलेलं असेल तर तेही. मग विटांच्या भिंती पाडून तो माल उचलून न्या. शेवटी उरलेला सांगाडा, म्हणजे स्लॅब, बीम आणि कॉलम, स्वच्छ जमिनीवर पाडा.

भिंती आधी पाडायच्या म्हणजे स्लॅबला टेकू नसलेली भिंत आधी, हे सांगायला नको. जुन्या घरांत पुष्कळदा कॉलम नसतातच, स्लॅब थेट विटांवर बसलेला असतो. तिथे आधी स्लॅब फोडायचा, मग भिंत. पाडण्याच्या सुरक्षेचं भारतीय मानक (आयएस) ४१३० आहे. त्याचं सार इतकंच की वरून खाली या, आणि ज्याच्यावर उभे आहात ते फोडू नका.

‘स्वच्छ जमिनीवर’ हा शब्द मुद्दाम वापरला. काळ्या मातीवर स्लॅब पाडला आणि मधे एक पाऊस झाला की पोकलेनच्या बकेटमध्ये दर वेळी दोन-चार घमेली चिखल येतो. ही माती खडीला चिकटली की सिमेंटची पकड जाते. खाली दोन-तीन इंच मुरूम दाबून घ्या, किंवा जुन्या घराचा कोबा शेवटपर्यंत तसाच राहू द्या.

फोडणं आणि लोखंड काढणं

ब्रेकरने स्लॅबचे दीड-दोन फुटी तुकडे करा. सळया गॅस कटरने कापा. पुढे तुकडा किती लहान करायचा ते क्रशरच्या तोंडावर अवलंबून आहे. १६ × १० इंची जॉ क्रशर या कामाला पुरतो. त्याच्या १० इंची तोंडात ८ इंचापेक्षा मोठा तुकडा घालू नये, तो अडकतो. मग पट्टा घसरतो, मोटर तापते आणि तुकडा काढायला अर्धा तास जातो.

डोंगराचा दगड फोडणारे खडी क्रशरवाले असा माल सहसा घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. काँक्रीटमधून निसटलेली दहा मिलिमीटरची सळई कन्व्हेयर पट्टा उभा चिरते, आणि बाइंडिंग वायरचं भेंडोळं रोलरला गुंडाळतं. म्हणून आपल्या मालासाठी दोन टप्पे ठेवा. पहिल्या फेरीत जबड्याचं अंतर ४०-५० मिलिमीटर. त्यातून निघालेल्या मालावर पट्ट्याच्या वर चुंबक टांगा. नसेल तर माल पसरून हाताने तार वेचा, कंटाळवाणं आहे पण होतं. दुसऱ्या फेरीत अंतर २० मिलिमीटरच्या आसपास. दोन फेऱ्यांचा आणखी एक फायदा: दगडाला चिकटलेलं जुनं मॉर्टर (सिमेंट-वाळूचा माल) दुसऱ्या फेरीत बरंच झडतं, आणि तेच मॉर्टर पुढे पाणी पिणारं असतं.

क्रशर मिळतच नसेल आणि काम छोटं असेल तर घणाने फोडून ४०-६० मिलिमीटरचा माल काढा आणि सोलिंगला, म्हणजे तळाच्या दाबलेल्या थराला, वापरा. घणाने २० मिलिमीटर खडी काढायला बसू नका, मजुरीत नवी खडी येते.

धूळ हा विषय बारीक नाही. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. क्रशरच्या तोंडावर आणि पट्ट्याच्या टोकाला पाण्याचा बारीक फवारा हवाच. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क द्या.

चाळण

तीन चाळण्या पुरतात: २० मिलिमीटर, १० मिलिमीटर आणि ४.७५ मिलिमीटर. विसावर राहिलं ते पुन्हा क्रशरमध्ये. २० ते १० ही पीसीसीची खडी. १० ते ४.७५ ही ब्लॉकची खडी. त्याखालचा बारीक माल वेगळा झाकून ठेवा. हे तीन ढीग एकमेकांत मिसळले की सगळी मेहनत गेली.

मग दहा किलो खडी पत्र्यावर पसरा आणि वीट, टाइल, लाकूड, प्लॅस्टिक, जिप्सम वेचून तोला. आमचा ठोकताळा असा: पाव किलोच्या आत असेल तर ती काँक्रीटची खडी. त्याहून जास्त असेल तर ती मिश्र खडी समजा आणि फक्त सोलिंगला किंवा हलक्या पीसीसीला वापरा.

खडी किती पाणी पिते

काळा दगड, म्हणजे आपला बेसाल्ट, जेमतेम एक-दोन टक्के पाणी शोषतो. काँक्रीटच्या खडीला जुनं मॉर्टर चिकटलेलं असतं, ती सहज तीन ते आठ टक्के शोषते. बाकी सगळे गोंधळ इथून सुरू होतात, म्हणून हा आकडा प्रत्येक ढिगाचा काढायचा.

दोन-सव्वादोन किलो खडी धुऊन बादलीत २४ तास बुडवा. बाहेर काढून जुन्या सुती कापडात घोळवा, वरचं चकचकीत पाणी जाईपर्यंतच. लगेच तोला. समजा २०९६ ग्रॅम भरलं. आता लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत हलवत पूर्ण कोरडी करा, गार होऊ द्या, पुन्हा तोला. समजा २००० ग्रॅम. फरक ९६, भागिले २०००, म्हणजे ४.८ टक्के. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत साधारण खडीला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. पुनर्वापराच्या खडीला दहा टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण मिसळण्याआधी भिजवून घ्यायच्या अटीवर. दहाच्या वर गेली तर ती रस्त्याला.

आता कामावर काय होतं ते बघा. पीसीसीच्या एका गोणी सिमेंटला ३५ लिटरच्या सहा पेट्या खडी, वजन सुमारे २७० किलो. ४.८ टक्के म्हणजे १३ लिटर पाणी. त्या मिश्रणाला पाणी लागतं ३४ लिटर. कोरडी खडी मिक्सरमध्ये टाकली की यातला मोठा वाटा ती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ओढून घेते. माल मिक्सरमधून उतरतो तेव्हा बरा दिसतो, घमेल्यातून पायाच्या खड्ड्यात पोचेपर्यंत कोरडा पडतो. मिस्त्री म्हणतो, ‘भाऊ, माल बसत नाही, पाणी मारू का?’ आणि अर्धी बादली ओततो. ते पाणी खडीत जात नाही, सिमेंटच्या पेस्टमध्ये जातं, आणि ताकद तिथे मरते. नंतर क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) कमी भरला की बोल खडीला लागतो.

उपाय स्वस्त आहे. ढिगावर जुन्या ठिबकच्या नळ्या किंवा एखादा छोटा स्प्रिंकलर टाका. आपल्याकडे हे सामान प्रत्येक शेतात पडलेलं असतं. आदल्या दिवशी दुपारपासून सुरू ठेवा आणि ढीग एकदा फावड्याने उलटा. सकाळी काम सुरू करण्याच्या अर्धा-एक तास आधी बंद करा म्हणजे वरचं पाणी निथळतं. खडी ओली, गडद दिसावी, पण तिच्यावर पाणी चमकू नये. मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, ढीग गोणपाटाने झाकला नाही तर वरचा थर नऊ वाजेपर्यंत पुन्हा कोरडा होतो.

कुठे किती चालते

आयएस ३८३ मध्ये काँक्रीटच्या खडीची मर्यादा स्पष्ट दिली आहे. साध्या, बिनलोखंडी काँक्रीटमध्ये खडीच्या २५ टक्के. आरसीसीमध्ये २० टक्के, तेही एम-२५ पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी). एम-१५ पेक्षा हलक्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के. विटा मिसळलेली मिश्र खडी फक्त या शेवटच्या प्रकारात चालते, बाकी दोन्हींत शून्य. हे आकडे वजनाचे आहेत. आपली खडी हलकी असल्याने पेटीने चौथा भाग घेतला तर वजनात २५ च्या आतच राहतो.

आरसीसीत २० टक्क्यांना मुभा असली तरी प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन केल्याशिवाय, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण ठरवून घेतल्याशिवाय, घरगुती कामात ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्लॅबमध्ये वाचणारी खडी थोडी आणि चुकीची किंमत मोठी. शंभर टक्के चालणाऱ्या जागाच इतक्या आहेत की एका घराचा माल तिथेच संपतो.

पायाखालचं पीसीसी

एम-१० पीसीसीसाठी एका ५० किलोच्या गोणीला ३५ लिटरच्या पेटीने: वाळू किंवा क्रश सँड तीन पेट्या, भिजवलेली खडी सहा पेट्या, पाणी जास्तीत जास्त ३४ लिटर. खडीतलं मुरलेलं पाणी यात धरायचं नाही, पण निथळ न दिलेल्या खडीच्या वरचं पाणी धरायचं. वाळू ओली असेल तर त्या मानाने कमी करा.

इथे एक बारीक गोष्ट. वजनकाट्यावर माल देणारे आयएस ४५६ च्या तक्त्याप्रमाणे एका गोणीला ३२० किलो खडी धरतात. काळ्या खडीच्या त्या सहाच पेट्या होतात. काँक्रीटची खडी हलकी असल्याने ३२० किलोला सात पेट्या लागतात, आणि मग दगड जास्त, मॉर्टर कमी, पोकळ्या दिसणारं पीसीसी तयार होतं. म्हणून पुनर्वापराची खडी नेहमी पेटीने मोजा, वजनाने नको.

एका गोणीत साधारण साडेआठ घनफूट माल निघतो. चार इंची थराने १०० चौरस फूट करायला चार गोण्या. आधी खडी आणि अर्धं पाणी एक मिनिट फिरवा, मग सिमेंट आणि वाळू टाका, मग उरलेलं पाणी. असं केल्याने खडीवर सिमेंटची पेस्ट चांगली बसते. मिक्सर न लावता फावड्याने कालवणार असाल तर सिमेंट दहा टक्के वाढवा, हा नियम काळ्या खडीलाही लागूच आहे.

अंगणाच्या कोब्यासाठी एम-२० हवं असेल तर सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३ ठेवा. चार गोण्यांना बारा पेट्या खडी लागते, त्यात तीन पेट्या पुनर्वापराच्या आणि नऊ काळ्या. अंगणात ट्रॅक्टर फिरणार असेल तर वरच्या थरात एकही पुनर्वापराची खडी घालू नका. जुनं मॉर्टर घासून जातं आणि वर्षभरात खड्डे उघडे पडतात.

ब्लॉक

बारीक मालाला सगळ्यात चांगली जागा ब्लॉकमध्ये आहे. ४०० × २०० × १५० मिलिमीटरचा भरीव ब्लॉक, कंपाउंडसाठी आणि पडदीच्या भिंतीसाठी. ३५ लिटरच्या पेटीने एका गोणीला १० मिलिमीटर खडी तीन, पुनर्वापराचा बारीक माल तीन आणि नवी कच (क्रशरवरचा दगडाचा चुरा) तीन. यात वीस-एकवीस ब्लॉक निघतात, एकेक २३-२४ किलोचा. बारीक माल सहा पेट्या घालून कच वाचवायचा मोह होतो. तो टाळा. त्या मालात जुन्या सिमेंटची पूड असते, ती पाणी पिते आणि ताजा ब्लॉक साच्यातून काढताना कोपरा ढासळतो.

भुसावळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख आपल्या भागात फ्लाय अ‍ॅशच्या विटांसाठी वापरली जातेच. एका गोणीमागे दहा किलो राख घातली तर ब्लॉकचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो. मात्र सुरुवातीची ताकद हळू चढते, म्हणून पाणी मारणं दोन-चार दिवस वाढवा.

मिश्रण अर्धओलं हवं. मूठभर माल घट्ट दाबा. गोळा न फुटता राहिला आणि तळहात नुसता ओलसर झाला की पाणी बरोबर. बोटांच्या फटीतून पाणी आलं तर ब्लॉक साच्यातून उतरताच बसतो. गोळा फुटला तर कडा झडतात. मशीनचं कंपन पुरेसं नसेल तर हे सगळं बरोबर असूनही ब्लॉक हलका येतो. पहिल्या दहा ब्लॉकांपैकी दोन सुकल्यावर तोला. २१-२२ किलोच्या खाली गेले तर कंपनाची वेळ वाढवा.

दुसऱ्या दिवसापासून १४ दिवस पाणी, मग सावलीत दोन ते चार आठवडे वाळवण. वाळवण लोक गाळतात आणि ओले ब्लॉक थेट भिंतीत लावतात. भिंतीत वाळताना ते आकसतात आणि उन्हाळ्यात प्रत्येक खांबाजवळ उभी भेग दिसते. आयएस २१८५ प्रमाणे ब्लॉकचं पाणी शोषण १० टक्क्यांच्या आत हवं. भरीव ब्लॉकसाठी ताकदीच्या दोन श्रेणी आहेत, चौरस मिलिमीटरला चार आणि पाच न्यूटन. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आठ ब्लॉक नेऊन दाबून घ्या आणि कागद जपून ठेवा.

गट्टूंचं, म्हणजे पेव्हर ब्लॉकचं, थोडक्यात: करता येतात, पण आयएस १५६५८ मध्ये पाणी शोषणाची मर्यादा सहा टक्के आहे आणि आपली खडी तिथेच नापास करते. दोन थरांचे गट्टू करणाऱ्या कारखान्यात खालच्या थरात चौथा भाग घालता येतो, वरचा थर पूर्ण काळ्या खडीचा ठेवून. घरी बादलीच्या साच्यात करू नका.

शेतरस्ता आणि काळी माती

पाणंद रस्त्याला ही खडी दगडापेक्षाही बरी पडते. जुन्या सिमेंटचे न भिजलेले कण पाण्याने पुन्हा जागे होतात आणि थर महिन्याभरात आवळतो. रस्त्यांसाठी अशा मालाच्या वापराचं मार्गदर्शन इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १२१ मध्ये २०१७ पासून आहे.

पण काळ्या मातीवर ती थेट टाकू नका. ही माती पावसात फुगते, उन्हात फाटते. ओल्या मातीवर ट्रॅक्टर गेला की चिखल खडीच्या फटींतून वर येतो आणि खडी खाली जाते. दोन पावसाळ्यांत रस्ता ‘गिळला’ जातो. आधी माती सहा-आठ इंच काढा, तळाला दोन्ही बाजूंना उतार द्या, त्यावर सहा इंच मुरूम दाबा किंवा जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, मग खडी. कापडाचे जोड एकमेकांवर दीड फूट चढवा.

खडीत २० मिलिमीटरचा, ४० चा आणि बारीक असा सगळा माल मिसळलेला हवा, नुसती एकसारखी खडी दबत नाही. दबलेली जाडी एका वेळी चार ते सहा इंच. पाणी मारून, ८-१० टनी व्हायब्रेटर रोलरने सहा-आठ फेऱ्या. तीन मीटर रुंद, शंभर मीटर लांब आणि सहा इंच दबलेला थर घ्यायचा तर सैल माल वीस-एकवीस ब्रास लागतो. म्हणजे सुरुवातीच्या त्या एका स्लॅबमधून सुमारे तेहतीस मीटर रस्ता होतो.

विहीर, शेततळं किंवा ठिबकची फिल्टर टाकी यांना लागून मात्र हा माल टाकू नका. त्यातून झिरपणारं पाणी चुन्याचं आणि तीव्र अल्कलीचं असतं. माशांना ते मारक आहे आणि ड्रिपरमध्ये पांढरी साय धरतं.

उन्हाळ्यातलं पाणी मारणं

कोरड्या, तापलेल्या हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस आणि राख किंवा इतर खनिज मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस पाणी, असं आयएस ४५६ सुचवतं. बाजारातली बहुतेक गोणी पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असते, म्हणून १४ धरा. एप्रिल-मेमध्ये काम पहाटे सहा ते नऊत उरका. दुपारी कालवलेला माल लवकर आवळतो आणि मिस्त्री पुन्हा बादली उचलतो. पृष्ठभागावर गोणपाट टाका आणि ते कायम ओलं ठेवा. दिवसातून तीनदा पाइपने मारून दुपारी कोरडं पडू देण्यापेक्षा गोणपाटावर एक ठिबकची नळी सोडणं कमी पाण्यात होतं. भिजलेली खडी आतून थोडं पाणी परत देत राहते. त्यामुळे आपला माल काळ्या खडीच्या मालापेक्षा या बाबतीत जरा जास्त सांभाळून घेतो.

कागद

बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये आले. त्यांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-मॉर्टर असे चार ढीग करून नगरपालिकेकडे आराखडा द्यायचा होता. त्यांच्या जागी २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यांत मोठ्या, २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या, प्रकल्पांवर उत्पादकाची वाढीव जबाबदारी टाकलेली आहे. एका घराच्या मालकावर ही वाढीव जबाबदारी नाही, पण रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायला बंदी त्यालाही आहे. क्रशर कायमचा एका जागी लावायचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

माल आपल्याच जागेवर वापरणं मानकालाही पसंत आहे. आयएस ३८३ मध्ये तसं सुचवलेलंच आहे. वाहतूक वाचते आणि मलबा कुठून आला याचा हिशेब घरातच राहतो. दुसऱ्याकडचा मलबा घेताना ट्रॉली रिकामी होण्याआधी वर चढून तळापर्यंत फावडं घालून बघा. वर स्लॅबचे तुकडे आणि खाली पीओपी, असा माल बऱ्याचदा येतो.